चकमक की फौज? असईच्या टेबलावरून सुचलेला धागा

घाटमाथा

मंडळी, गेल्या रविवारी आम्ही चौघांनी असईची लढाई टेबलावर मांडली. सकाळी दहाला पहिला फासा पडला, आवरेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा झाले. तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून हा धागा.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मिनिएचर युद्धखेळ म्हणजे रंगवलेले छोटे सैनिक, टेबलावर उभारलेले डोंगर, घरं, नद्या, अंतर मोजायला टेप आणि निकालाला फासे. यात ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक चकमकीचं, म्हणजे स्कर्मिशचं. माझ्याकडे पाच ते पंधरा पुतळे, एक पुतळा म्हणजे एक माणूस, प्रत्येकाचं हत्यार वेगळं, जखम वेगळी. किल टीम, फ्रॉस्टग्रेव्ह, इन्फिनिटी, मॉर्डहाइम ही त्यातली नावं. दुसरं फौजेचं. शेकडो पुतळे, पलटणीच्या पलटणी पट्ट्यांवर चिकटवलेल्या, आणि बऱ्याच नियमांत एका पुतळ्यामागे वीस-तीस माणसं धरलेली. ब्लॅक पावडर, किंग्ज ऑफ वॉर हे या बाजूचे. वॉरहॅमर ४०,००० मध्ये छोटे डावही होतात, पण २००० पॉइंटांचा (प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीप्रमाणे पॉइंट असतात) डाव लावला की तो फौजेकडेच झुकतो.

मी सहा वर्षं फक्त चकमकी खेळलो. सगळे सांगायचे की चकमक ही पहिली पायरी, पैसे आणि जागा झाली की माणूस आपोआप फौजेकडे जातो. रविवारनंतर मला हे पटेनासं झालंय.

झालं असं. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यात. कवायती पायदळ पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, तोफा शंभराच्या घरात, तोंड दक्षिणेला केळणेकडे. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली समोरून आलाच नाही. तो पूर्वेला सरकला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये पायी ओलांडता येईल असा उतार असणारच असा अंदाज बांधून त्यानं तिथूनच नदी ओलांडली आणि बगलेवर आला. मग पोलमननं अख्खी रांग काटकोनात वळवली. पुस्तकात हे एका वाक्यात येतं आणि आपण पुढे वाचत जातो.

मी पोलमनच्या जागी होतो. ब्लॅक पावडरमध्ये हुकूम आधी मोठ्यानं बोलायचा आणि मग दोन फासे टाकायचे. सेनापतीला दिलेल्या आकड्याएवढी किंवा त्याहून कमी बेरीज आली तर तुकडी हलते, जितकी कमी तितकी जास्त चाल, तीन चालींपर्यंत. दोन्ही फाशांवर सहा आले तर घोटाळा, तुकडी भलतीकडेच जाऊ शकते. माझा आकडा ८. मी म्हटलं, "पहिल्या ब्रिगेडनं डावीकडे वळून पूर्वेला तोंड करायचं, उजवी बगल केळणेला, डावी असई गावाला." फासे पडले पाच आणि सहा. ब्रिगेड जागची हलली नाही. पुढच्या फेरीत बेरीज नऊ. पुन्हा काही नाही. तिसऱ्या फेरीत सात आली आणि एक चाल मिळाली, तोवर वेलस्लीच्या डाव्या टोकाची ७८ वी हायलँडर पलटण माझ्या तोफांपासून बारा इंचांवर होती. तोफांची तोंडं अजून नदीकडे.

ते बारा इंच बघत मी बराच वेळ गप्प बसलो होतो. त्या दिवशी ही माणसं वेळेत वळली होती! शेतातून, तोफा ओढत, हजारो माणसांची रांग मोडू न देता. शिंद्यांच्या कवायती पलटणी किती तयारीच्या होत्या हे मला वीस वर्षांच्या वाचनातून कळलं नव्हतं, ते दोन फाशांनी दाखवलं.

चकमकीत असा क्षण मला कधीच मिळाला नव्हता. तिथं माझा माणूस माझं ऐकतोच. "त्या भिंतीआड जा" म्हटलं की जातो. पुढे गोळी लागेल न लागेल हा फाशांचा भाग. फौजेत मात्र हुकूम पोचेल का, इथूनच प्रश्न सुरू होतो.

तुमचं काय मत? खर्च आणि वेळ यावर भरपूर बोललं जातं. मला खेळताना मनात काय बदलतं ते वाचायचंय.

---

ट्रेंटकाठ

उत्तम धागा. मी अकरा वर्षं नॉटिंगहॅममध्ये राहतो. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय याच गावात, त्यामुळे इथं हा छंद आपल्याकडच्या क्रिकेटसारखा गल्लीत आहे. आमचा क्लब दर बुधवारी संध्याकाळी सात ते दहा.

या तीन तासांचं गणित फार महत्त्वाचं आहे. किल टीमचं मैदान ३० बाय २२ इंचांचं, दर बाजूला सहा ते चौदा माणसं, चार फेऱ्या. एका संध्याकाळी आरामात दोन डाव होतात. २००० पॉइंटांच्या ४०,००० ला किमान ६० बाय ४४ इंच लागतात आणि दहाला दिवे मालवायच्या वेळी आमची तिसरी फेरी चालू असते. पाचातली तिसरी. अर्धवट डाव घेऊन घरी जाणं मला सहन होत नाही.

आता तुमच्या मुद्द्याशी माझं भांडण. हुकूम न पोचणं हा फौजेचा गुण नाही, नियमांचा गुण आहे. ४०,००० मध्ये शंभर पुतळे असले तरी सगळे ऐकतात. माझी पाळी आली की मी अख्खी फौज हलवतो, समोरचा अर्धा तास बसून बघतो. त्याच्या पाळीत तो सगळं हलवतो. उलट चेन ऑफ कमांड घ्या, दुसऱ्या महायुद्धातली एक प्लाटून, म्हणजे दर बाजूला तीस-चाळीस माणसं. त्यात दर फेरीला पाच फासे टाकायचे. एक पडला तर एक छोटी टोळी हलेल, दोन पडला तर एक सेक्शन, म्हणजे त्याहून मोठी तुकडी, तीनला धाकटा म्होरक्या, चारला थोरला. पाचावर एक राखीव गुण साठतो, आणि दोन सहा आले तर पुढची पाळीही तुमचीच. मशीनगनवाल्यांना हलवायचंय आणि एकही योग्य फासा नाही, हे मी किती वेळा भोगलंय! किंवा बोल्ट ॲक्शन. दोन्ही बाजूंचे फासे एकाच पिशवीत, ज्याचा निघेल त्यानं आपली एक तुकडी हलवायची. पुढचा कोणाचा, कुणालाच माहीत नाही.

म्हणजे तुम्ही रविवारी जे अनुभवलं ते चाळीस माणसांतही मिळतं.

---

घाटमाथा

ट्रेंटकाठ, मान्य. "चकमकीत माणूस ऐकतोच" हे मी सरसकट लिहिलं ते चुकलं. मी खेळलेल्या चकमकींत ऐकतो, एवढंच मला म्हणता येईल.

पण एक गोष्ट उरतेच. चूक कळायला लागणारा वेळ. चकमकीत मी माणूस उघड्यावर सोडला तर पुढच्याच चालीत तो मरतो आणि मला कळतं. असईत माझी चूक सकाळी अकराला झाली होती, घोडदळ मी जुईपलीकडे लांब ठेवलं होतं. ती मला कळली दुपारी तीनला, जेव्हा त्याची गरज पडली आणि ते येऊ शकत नव्हतं. मधले चार तास मी त्या चुकीवर बाकीचं सगळं रचत गेलो होतो. हे चाळीस माणसांत होतं का? खरंच विचारतोय.

---

अपूर्णांक

फाशांबद्दल लिहितो, कारण दोन्ही खेळांची चव बरीचशी तिथून येते असं मला वाटतं.

समजा प्रत्येक फाशाला लागण्याची शक्यता एक तृतीयांश. चकमकीत माझा नेमबाज चार फासे टाकतो. चारही वाया जाण्याची शक्यता ८१ पैकी १६, म्हणजे साधारण पाचात एकदा. एका डावात असा नेम दहा वेळा धरला तर सरासरी दोनदा हे घडतं. फौजेत तेच चाळीस फासे. सरासरी तेराच्या थोडी वर, आणि बहुतेक वेळा निकाल दहा ते सोळाच्या मध्ये. चाळीसच्या चाळीस वाया जाणं कोटीत एकदा.

म्हणून चकमक खेळताना मी कधीच एका नेमावर डाव लावत नाही. दुसरा माणूस तयार ठेवतो, तो चुकला तर पळायची वाट ठेवतो. फौजेत मात्र मी सरासरीवर भरवसा ठेवून आखणी करतो, आणि मग नशीब शिरतं ते ट्रेंटकाठ म्हणतात त्या दारानं. हुकमाच्या फाशातून, पिशवीतून, पहिली पाळी कोणाची यातून. फासे मोजकेच, पण त्यांच्यावर अख्खी ब्रिगेड टांगलेली. पोलमनची ब्रिगेड अडली ती दोनच फाशांवर, हे बघा.

२००० पॉइंटांच्या डावात पहिली पाळी मिळालेल्यानं समोरच्याची मोठी शस्त्रं पहिल्याच फेरीत उडवली की पुढचे तीन तास नुसते हिशेब पुरे करायचे राहतात. आडोशाला भरपूर भिंती, पडकी घरं असतील तर हे टळतं. मोकळ्या टेबलावर फौज खेळूच नये.

---

रंगाची_डबी

मी खेळते कमी, रंगवते जास्त. त्यामुळे माझी बाजू वेगळी.

२८ मिमी उंचीच्या एका पुतळ्यावर मी तीन तास घालवते. नुकताच एक मावळा केला. चेहरा म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. आधी गडद तपकिरी, मग गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर आणि खालच्या ओठाखाली एक-एक टिंब फिकं. पागोट्याच्या पिळात पातळ तांबूस रंग सोडला की तो आपला आपण घडीत जाऊन बसतो, आणि कोरड्या ब्रशनं वरून हलकेच पांढरं फिरवलं की कापड दिसायला लागतं. त्या क्षणी तो माणूस होतो. मग त्याला नाव द्यावंसं वाटतं. असे दहा झाले की चकमकीचा संघ तयार, एकूण तीस तास, म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या संध्याकाळी.

फौजेचे पुतळे मी असे रंगवत नाही. दहा मिमीची पलटण एका काडीवर ओळीनं चिकटवायची, सगळ्यांचे डगले एकदम, सगळ्यांच्या बंदुका एकदम. चेहऱ्याला एकच टिंब. जवळून बघितलं तर काही नाही, पण दोन हातांवरून सहाशे पुतळे एका रांगेत दिसले की अंगावर काटा येतो. तो आनंद मी कमी लेखणार नाही, फक्त तो रंगवताना मिळत नाही, सगळं मांडल्यावर मिळतो. मधले सात-आठ महिने धीर धरावा लागतो.

मॉर्डहाइमबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. १९९९ चा खेळ, आजही लोक खेळतात. डाव संपल्यावर पडलेल्या प्रत्येक म्होरक्यासाठी जखमांच्या तक्त्यावर फासे टाकायचे. कुणाचा डोळा जातो, कुणाचा पाय अधू होतो, कुणी धडधाकट परत येतो, कुणी येतच नाही. पुढच्या डावात तोच पुतळा, तीच जखम घेऊन. माझा एक धनुर्धारी नऊ डाव जगला. दहाव्यात गेला तेव्हा तो पुतळा मी पेटीत परत ठेवला नाही, माझ्या टेबलावर उभा आहे. घाटमाथा, चूक चार तासांनी कळण्याचं तुम्ही म्हणता ना, इथं ती नऊ डावांनी कळते. पहिल्या डावात चिलखताचे पैसे वाचवले होते.

जाता जाता एक कळकळीची सूचना. जुलैत स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारू नका. गेल्या वर्षी ठाण्यात भर पावसात गॅलरीत मारला, बारा पुतळ्यांवर वाळू चिकटल्यासारखा खरखरीत थर बसला, नाकडोळे बुजले. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा प्रायमरच बरा.

---

नवखी_कोथरूड

सगळे प्रतिसाद वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. माझा मुलगा तेरा वर्षांचा. व्हिडिओ बघून त्याला हे करायचंय. परदेशी पेटीची किंमत आणि वरचं आयात शुल्क बघून मी थबकले आहे. तो दरवर्षी दिवाळीत किल्ला करतो, त्याच्याकडे मातीचे पन्नासेक मावळे आहेत. त्यातून काही सुरुवात होईल का? की ते लहान मुलांचं वेगळं आणि हे वेगळं?

---

रंगाची_डबी

ताई, अजिबात वेगळं नाही! मी गोणपाट मातीच्या राड्यात बुडवून दगडांवर पसरायला शिकले ती दिवाळीच्या किल्ल्यावरच. आज टेबलासाठी डोंगर करते तेव्हा मातीऐवजी फेविकॉल आणि प्लॅस्टर असतं, हात तोच. अळीव पेरून कुरण करणाऱ्या मुलाला टेरेन शिकवावं लागत नाही.

मावळे लहानमोठे असतील, त्यानं बिघडत नाही. चकमकीत अंतर बेसपासून, म्हणजे पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीपासून मोजतात. सगळ्यांना एकाच मापाच्या गोल चकत्या चिकटवा, झालं. नियमांसाठी वन पेज रूल्स बघा, त्यांचे मूळ नियम फुकट मिळतात आणि कुठलेही पुतळे चालतात.

---

तोफखाना

नवखीताई, मुलाला उंबरखिंड करू द्या. २ फेब्रुवारी १६६१. मुघल सरदार कारतलबखान सह्याद्री उतरून कोकणात निघालेला, वाट अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, आणि वर महाराजांची माणसं आधीच बसलेली. शेवटी खानाला शरण यावं लागलं. टेबल तीन फूट बाय दोन फूट पुरे. दोन उतार, मधून एक वाट. एका बाजूला दहा मावळे, कुठे लपलेत ते कागदावर लिहून ठेवायचं. दुसऱ्या बाजूला पंचवीस जण, ओझ्याचे बैल घेऊन वाट पार करायची. मुलगा पहिल्याच डावात शिकेल की पंचवीसातले पुढचे चारच लढू शकतात. संख्या तिथं ओझं होते.

हीच गोष्ट मला या धाग्यात मांडायची होती. कुठली लढाई कुठल्या खेळात बसते हे त्या लढाईनंच ठरवलंय. सिंहगड, ४ फेब्रुवारी १६७०, रात्र, कडा, मोजकी माणसं, तानाजी आणि उदयभान समोरासमोर. फौजेच्या नियमांत हे दोन फाशांत संपेल आणि काही हाती लागणार नाही. पावनखिंड तशीच. पानिपतचं उलट. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत दहा माणसांत मांडता येत नाही. गोलाची लढाई करायची, म्हणजे बिनलढाऊ माणसं मध्ये घेऊन सगळ्यांनी एका वेगानं पुढे सरकायचं. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी नीट चालून गेल्या आणि शेजारच्या घोडदळानं मध्येच उडी घेतली की तोफा झाकल्या जातात. हा ताळमेळ सुटणं बघायचं तर सगळी रांग टेबलावर हवी. पाच-सहा वर्षांपासून माझ्या मनात आहे, सहा मिमीमध्ये, बारा फुटी टेबलावर. करणार नक्की.

घाटमाथा, आता तुझ्या प्रश्नावर. फौजेला सहाशे पुतळे आणि आठ तास लागतातच असं समजू नकोस. डीबीए हे फौजेचे छोटेखानी नियम १९९० साली आले. एका बाजूला फक्त बारा तुकड्या, टेबल दोन फुटी चौरस, डाव तासाभरात. दर पाळीला एक फासा, जितके पडतील तितक्या हालचाली. रांग सलग असेल तर अख्खी रांग एका हालचालीत सरकते. तुटली की प्रत्येक तुकडीला वेगळी मोजायची. फाशावर दोन पडले आणि रांग चार ठिकाणी तुटलेली, की काय सोडायचं ते ठरवताना घाम फुटतो. यादी प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांची आहे, मराठे त्यात नाहीत, पण फौज म्हणजे काय ते यापेक्षा कमी सामानात शिकवणारा खेळ मी पाहिलेला नाही.

आणि हुकूम उशिरा पोचणं हे या छंदाच्या मुळातच आहे. प्रशियात रायस्विट्झनं १८२४ साली अधिकाऱ्यांसाठी जो नकाशाचा खेळ केला त्यात एक फेरी म्हणजे दोन मिनिटं धरायचे. खेळाडू हुकूम पंचाकडे द्यायचा आणि घोडेस्वाराला जायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या फेऱ्यांनी तो अमलात यायचा. 

---

ट्रेंटकाठ

तोफखाना काका, हे पटलं. मी नियमांवर बोट ठेवलं, तुम्ही लढाईवर ठेवलंत. असई मी चेन ऑफ कमांडसारख्या नियमांत कधीच मांडणार नाही.

घाटमाथा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. चाळीस माणसांत चूक उशिरा कळते का? कळते, पण अर्ध्या तासानं. चार तासांची चूक मला कधी मिळालेली नाही. बुधवारच्या तीन तासांत ती मावणारच नाही. या वर्षी एक अख्खा रविवार काढतो.

---

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा चौघं बसलो आणि पुढच्या असईत काय बदलायचं ते ठरवलं.

पोलमनचा आकडा ९. जी फौज त्या दिवशी वळली तिला ८ देणं हा तिच्यावर अन्याय होता. दुसरं, असई गावाजवळची घटना वेगळ्या छोट्या टेबलावर. वेलस्लीच्या उजव्या टोकाच्या तुकड्या हुकूम चुकून थेट गावाकडे गेल्या, त्यांच्यामागे ७४ वी पलटण गेली आणि तोफांच्या तोंडी सापडली. उरलेल्यांना १९ व्या ड्रॅगून घोडेस्वारांनी सोडवलं. मोठ्या टेबलावर ते एक पट्टी उचलून पेटीत ठेवण्याइतकंच दिसतं. म्हणून तिथली वीस माणसं विरुद्ध गावातले बंदूकवाले अशी २८ मिमीची चकमक, बाजूच्या टेबलावर, त्याच वेळी. तिथला निकाल मोठ्या टेबलावर लागू. आणि गोलंदाज. मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून मागून मारा केला. त्यांच्यासाठी नियम अपूर्णांक लिहितोय. किती फासे ठेवायचे यावर आमचं अजून एकमत नाही. मला जास्त हवेत.

रंगाची_डबी, त्या गोलंदाजांचे चार पुतळे तुम्ही रंगवाल का? जमिनीवर पडलेले दोन, उठणारे दोन.

---

रंगाची_डबी

नक्की. पण ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर. आणि चारही चेहरे नीट करणार, वेळ लागेल.

---

नवखी_कोथरूड

उंबरखिंड तयार होतेय! दोन्ही उतार उभे राहिले, गोणपाट वाळत घातलंय. बैल मिळाले नाहीत तर त्यानं शेंगदाण्याच्या टरफलांचे केले, चांगले दिसतात. फक्त मावळ्यांच्या चकत्यांना कुठला पुठ्ठा घ्यायचा? वहीचा घेतला तर वाकतोय.

---

तोफखाना

लग्नपत्रिकेचा. जाड असेल ती घ्या, दोन थर चिकटवा आणि रात्रभर पाट्याखाली ठेवा.